विसर्ग करण्यात येत आहे

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी सगळ्यात मन लावून जो मजकूर वाचतो, त्याला लेखक नसतो. रोज सकाळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडतो. वर धरणाचं नाव, तारीख आणि वेळ. खाली पाणीपातळी, टीएमसीमध्ये पाणीसाठा, क्युसेकमध्ये आवक आणि क्युसेकमध्येच विसर्ग. त्याखाली कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी चोवीस तासांत झालेला पाऊस, आणि कंसात १ जूनपासूनचा एकूण. पाऊस वाढला की शेवटी दोन वाक्यं येतात. धरणाचे दरवाजे इतके फूट उचलून इतका विसर्ग करण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

सातारा-सांगलीकडच्या कुणालाही हा मेसेज ओळखायला अर्धा सेकंद पुरतो. पण मुळात तो आपल्यासाठी लिहिलेलाच नाही. पाणी, पाऊस, भूकंप मोजणाऱ्या सरकारी खात्यांचा हा आतला पत्रव्यवहार आहे. धरणावरच्या कर्मचाऱ्याने आकडे घ्यायचे, पूरनियंत्रण कक्षाला द्यायचे, कक्षाने खालच्या जिल्ह्याला, महसूल खात्याला आणि पोलिसांना कळवायचे. पूर्वी हे बिनतारी संदेशावर चालायचं आणि कचेरीच्या वहीत संपायचं. फोन आले, ग्रुप आले, आणि कचेरीतल्या माणसाने कचेरीतल्या माणसाला लिहिलेला मजकूर लाखो लोक वाचायला लागले.

मी मराठी साहित्याचा विद्यार्थी. समीक्षा म्हटलं की कविता, कादंबरी, फार तर आत्मचरित्र, असंच शिकलो. पण ज्या मजकुरावर माझ्या घरातले लोक सामान कुठे ठेवायचं ते ठरवतात, त्याची समीक्षा कुणी केलेली मला दिसली नाही. म्हणून हा लेख. आणि एकदा मी हा मजकूर चुकीचा वाचला होता, म्हणूनही.

एक मजकूर, तीन वाचक

माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी. आजोळ सांगलीत, कृष्णेच्या काठी. कोयना आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी येतात, कराडला प्रीतिसंगमावर भेटतात आणि पुढे कृष्णा म्हणून सांगलीला जातात. म्हणजे आमच्याकडचं पाणीच मामाकडे जातं. मेसेजही तसाच जातो.

माझी आजी विसर्गाचा आकडा बघत नाही. ती दुसऱ्या एका मेसेजची वाचक आहे, भूकंपाच्या. अमुक वाजून तमुक मिनिटांनी कोयना परिसरात इतक्या रिश्टरचा धक्का, केंद्रबिंदू धरणापासून इतक्या किलोमीटरवर, खोली इतकी. त्याच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य असतं, की धरण सुरक्षित आहे. आजी मला तेवढंच वाचायला सांगते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती कोयनेच्या खोऱ्यातच होती. त्या भूकंपाची तीव्रता ६.३ मानली जाते. दोनशेच्या आसपास माणसं गेली आणि कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरणात पाणी अडवायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. जलाशयामुळे चाळवल्या जाणाऱ्या भूकंपांचा अभ्यास जगात जिथे जिथे होतो, तिथे कोयनेचं नाव घ्यावंच लागतं. पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक धक्के या छोट्याशा पट्ट्यात नोंदले गेले आहेत. कराडला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा यासाठीच आहे. त्या कामात गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक जमिनीत पाडलं गेलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. आजीला यातलं काही सांगितलं की ती ऐकून घेते आणि विचारते, "धरण बरं हाय न्हवं?"

मामा दुसरा वाचक. तो आधी विसर्ग बघतो आणि मग सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी. १९२९ साली बांधलेल्या या पुलाजवळ पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. सांगलीत पावसाळ्यात "पाणी किती आहे" असं कुणी विचारत नाही. "पूल किती?" एवढंच विचारतात. उत्तरही तेवढंच, "अडतीस".

तिसरा वाचक माझा हॉस्टेलवरचा दोस्त, जतचा. तो सांगली जिल्ह्याचाच, पण कृष्णेचं पाणी त्याच्या शिवारात आपण होऊन कधीच येत नाही. पंपाने उचलून न्यावं लागतं. तो फक्त पाणीसाठा बघतो. १०५.२५ टीएमसी क्षमतेचं धरण नव्वदच्या वर गेलं की तो खूश, आणि त्याच वेळी मामाची झोप उडालेली. पुराचं पाणी वाहून जाताना बघून तो एकदा मला म्हणाला होता, "तुमच्याकडं बुडतंय ते आमच्याकडं प्यायला नाही."

एकाच मजकुरातल्या तीन वेगळ्या ओळी तीन माणसं वाचतात, आणि तिघांनाही बाकीच्या ओळी दिसतसुद्धा नाहीत. एखाद्या कवितेबद्दल हे घडलं तर आपण तिला अनेकार्थी म्हणून डोक्यावर घेऊ. इथे तो गुण आहे की दोष, ते ठरवायला भाषेकडे बघावं लागेल.

कर्ता कुठे आहे?

या मजकुराचं पहिलं कौतुक असं, की त्यात विशेषणं नाहीत. नदी कोपत नाही, वरुणराजा बरसत नाही, निसर्ग रौद्र रूप धारण करत नाही. टीव्हीवर त्याच दिवशी हाहाकार, थैमान, जलप्रलय सगळं चालू असतं. मेसेज मात्र २२४ मिलिमीटर झाला तर २२४ लिहितो आणि ९ झाला तर ९. महाबळेश्वर दोन्ही दिवशी त्याच ओळीत, त्याच क्रमाने येतं. चार महिने रोज वाचलं की त्या क्रमाचा आधार वाटायला लागतो. घाबरलेल्या माणसाला विशेषणांपेक्षा आकडा बरा वाटतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

दुसरं कौतुक वेळेचं. आकडा किती वाजताचा ते लिहिल्याशिवाय हा मजकूर सुरूच होत नाही. आपल्या बोलण्यात पाणी "वाढलंय" असतं. मेसेजमध्ये ते सकाळी आठ वाजता इतकं असतं. दुर्दैवाने फॉरवर्ड करताना लोक नेमकी हीच ओळ कापतात, आणि मग गेल्या वर्षीचा विसर्ग यंदा पुन्हा सोडला जातो. तो दोष मजकुराचा नाही, आपला आहे.

आता दोष. "विसर्ग करण्यात येत आहे." स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रयोग पाठ केलेले असतात. कर्तरी, कर्मणी, भावे. "करण्यात येत आहे" हे कर्मकर्तरीच्या भावकीतलं वाक्य. त्यात क्रिया आहे, कर्म आहे, करणारा मात्र नाही. दरवाजे उचलले जातात, पाणी सोडलं जातं, निर्णय घेण्यात येतो. संपूर्ण मजकुरात एकही माणूस काही करत नाही. मेसेजात पहिला माणूस येतो तो शेवटच्या वाक्यात, आणि ते आपण असतो. नदीकाठचे नागरिक. तेही समोर नाही, तृतीय पुरुषात. "तुम्ही" नाही, "नागरिकांनी".

आणि या नागरिकांनी करायचं काय? सतर्क राहायचं. सतर्क राहणं ही क्रिया नाही, ती मनाची अवस्था आहे. गुरं सोडायची का? मोटर काढायची का? आजच्या रात्री झोपायचं का? हवामान खात्याच्या रंगांचीही गोष्ट हीच. हिरवा, पिवळा, केशरी, लाल. लाल म्हणजे "कृती करा", पण ते मुळात प्रशासनाला उद्देशून आहे. आपल्यापर्यंत तो रंग पोचतो आणि कृती तिथेच राहते. मग लाल रंग म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ उरतो.

तरी मला इथे थांबून मजकुराची बाजू घ्यायची आहे. कचेरीतून कचेरीत जाताना हा प्रयोग चुकीचा नाही. वाचणाऱ्या अभियंत्याला दरवाजे कोण उचलतं ते ठाऊक असतं. सतर्क राहावे म्हणजे कुठली फाइल उघडायची, कुठल्या गावाला फोन करायचा, तेही त्याला ठाऊक असतं. त्याच्यासाठी मजकूर पूर्ण आहे. तोच मजकूर माझ्या मामाच्या फोनवर अर्धा होतो. वाचक बदलला की तीच वाक्यं वेगळी होतात, हे समीक्षेच्या तासाला आम्ही शिकलो होतो, पण कवितेबद्दल.

कचेरीची मराठी नेहमी अशीच होती असंही नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या आगेमागेची पत्रं आहेत. तीही आतलीच पत्रं. वकिलाने मालकाला, सरदाराने पेशव्याला कळवलेली. फौज किती, धान्य किती, नदीला उतार आहे की नाही. आज आपण ती मराठी गद्याचा ठेवा म्हणून वाचतो. त्या पत्रांना पाठवणारा होता आणि घेणारा होता. कोण कुणाला काय सांगतोय आणि त्याने आता काय करावं असं म्हणतोय, हे पत्रातच असायचं. विसर्गाचा मेसेज त्याच घराण्यातला, फक्त त्याच्यावरची दोन्ही नावं पुसली गेली आहेत.

जे आकड्यात नाही

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. ११,५७४ क्युसेक पाणी एक पूर्ण दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर धरणातून साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली जातं. हा हिशेब मी आता झोपेतही करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मला तो येत नव्हता, आणि आला असता तरी पुरला नसता.

कारण विसर्गाचा आकडा फक्त धरणाने सोडलेल्या पाण्याबद्दल बोलतो. धरणाच्या खाली, पाटणपासून सांगलीपर्यंत जो पाऊस पडतो, ओढ्या-नाल्यांतून जे नदीत येतं, त्याला दरवाजा नाही. म्हणून ते विसर्गात नाही. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. तीही भरलेली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकायला तयार नसतं. मेसेज आपल्या ताब्यातल्या पाण्याचा चोख हिशेब देतो आणि ताब्यात नसलेल्या पाण्याबद्दल गप्प बसतो. वाचणाऱ्याला वाटतं, जे लिहिलंय तेवढंच पाणी येणार.

पावसाच्या ओळीतही तेच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सांगली शहरात सहाशेच्या आसपास. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार. नवजाला ११५ म्हणजे जुलैतला साधा मंगळवार. सांगलीत तेवढाच झाला तर गटारं उलटी वाहतात. शब्द एकच, गाव वेगळं.

माझी चूक

मामाचं सांगलीत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा दुकानात जिथवर पाणी आलं, तिथे मामाने भिंतीवर ऑइलपेंटने लाल रेघ मारून ठेवली होती. गिऱ्हाइकं विचारायची, तो सांगायचा. ती रेघ म्हणजे आमच्या घरातलं पुराचं शेवटचं वाक्य होतं. त्याच्यावर काही असू शकतं, असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्यात होतो. मेसेज दर काही तासांनी येत होते. कोयनेचा विसर्ग लाखाच्या पुढे गेला. पूल ४५ च्या वर गेला. मामाचा फोन आला.

"तुला काय वाटतंय रे? तू वाचतोस ना सगळं."

मी वाचत होतो. मी सगळे आकडे एका वहीत लिहून काढले होते आणि मला त्याचा अभिमान होता. मी म्हटलं, "मामा, २००५ एवढं येईल फार तर. तुम्ही रेघेच्या वर माल ठेवा."

त्याने ठेवला. रेघेच्या वर एक हात जागा सोडून फळ्या ठोकल्या, जूनमध्ये न खपलेल्या वह्या, गाइडं, कंपासपेट्या सगळं वर चढवलं, शटर ओढलं आणि मामीला घेऊन मिरजेला पाहुण्यांकडे गेला.

पूल ५७ फुटांच्या पुढे गेला. रेघेच्या वर चारेक फूट.

त्या दिवसांत एक शब्द मेसेजमधून पुन्हा पुन्हा आला, "स्थिर". पाणीपातळी स्थिर. कचेरीसाठी ती चांगली बातमी होती, कारण वाढ थांबली होती. मामाने फोनवर तो शब्द वाचला आणि मला विचारलं, "स्थिर म्हणजे कुठं स्थिर? दुकानात?" मला उत्तर देता आलं नाही. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्यापुढे वह्यांचं दुःख करायची आम्हा दोघांनाही लाज वाटली.

पाणी उतरल्यावर मी गेलो. भिजलेली वही फुगते, मग दुसरीला चिकटते, आणि मग संपूर्ण गठ्ठ्याची एक वीट होते. आम्ही त्या विटा पहारीने काढल्या. मामा मला एक शब्दही बोलला नाही. दुपारी चहा पिताना तो म्हणाला, "रेघ मीच मारली होती की. तू काय करणार?"

२०२० मध्ये या पुराची चौकशी करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीचा अहवाल आला. कारणांवरचे वाद अजून चालू आहेत, अलमट्टीवरून तर दर पावसाळ्यात. मला त्यात पडायचं नाही. माझं म्हणणं वाचनापुरतं आहे. मी आकडे बरोबर वाचले होते. चूक अशी झाली, की मजकुरात जे नव्हतं ते मी जुन्या रेघेवरून भरून काढलं. मजकुराने "तुमच्याकडे किती" हे सांगितलं नव्हतं, म्हणून ते मी सांगितलं, आणि तेही आकडे पाठ करणाऱ्या माणसाच्या खात्रीने.

मग हवं काय?

हा मेसेज सोपा करा, असं मी म्हणणार नाही. सोपं करायला घेतलं की आधी आकडे जातात. मग छत्रीचं चित्र येतं, हात जोडलेला नेता येतो, आणि "घाबरू नका, प्रशासन सज्ज आहे" येतं. त्यापेक्षा तीन ठिकाणचा पाऊस आणि कंसातला एकूण मला हजार वेळा चालेल. आतला मजकूर जसाच्या तसा बाहेर येत राहावा. तो आपल्याला मिळतो ही या भागाची कमाई आहे. कोयनेकाठची माझी आजी केंद्रबिंदू हा शब्द वापरते, हे काही थोडं नाही.

मला फक्त एक वाक्य जास्त हवं आहे, आणि त्याचा कर्ता "तुम्ही" असायला हवा. पूल इतका झाला तर तुमच्या गल्लीत पाणी येईल, तुम्ही इतक्या वाजेपर्यंत निघा. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा, चुकला तर दुपारच्या मेसेजमध्ये दुरुस्त करा. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता इथल्या माणसांना आपापले फूट तोंडपाठ आहेत. ही माहिती लोकांकडे आहे, कचेरीकडेही आहे. फक्त ती मजकुरात नाही. आणि धरणाने सोडलेल्या पाण्याच्या ओळीखाली एवढं तरी लिहा, की खालच्या पावसाचं पाणी यात धरलेलं नाही.

असं वाक्य लिहायला कचेऱ्या कचरतात, कारण कर्ता आला की जबाबदारी आली. "निघा" म्हटलं आणि पाणी आलं नाही, तर लोक हसतील. "करण्यात येत आहे" म्हटलं की कुणी हसत नाही आणि कुणी विचारतही नाही. पण रात्री दोन वाजता पुलाखाली बॅटरी मारून पट्टीवरचा आकडा वाचणारा माणूस खरोखर असतो. तो आकडा त्याने पावसात उभं राहून वाचलेला असतो. इतकी मेहनत घेऊन मिळवलेला आकडा शेवटच्या घरापर्यंत अर्धाच पोचावा, याचं वाईट त्यालाही वाटत असेल.

२०२१ च्या जुलैत पूल पुन्हा ५० च्या पुढे गेला. तेव्हा मामाने मला फोन केला, पण "काय वाटतंय" असं विचारलं नाही. "पूल किती?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला, किती वाजताचा तेही सांगितलं, आणि म्हटलं, "मामा, यात खालचा पाऊस धरलेला नाही. तुम्ही माल मिरजेलाच न्या."

"नेला कवाच," तो म्हणाला.

दुकानात आता दोन रेघा आहेत. वरची मारताना त्याने तिच्या वर हातभर जागा मोकळी ठेवली आहे.